नववी-दहावीचा अभ्यास : तास मोजू नका, पुस्तक मिटल्यावर किती येतं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगी नववीत, सेमी इंग्लिश, आठवीपर्यंत कायम ऐंशीच्या पुढे, आणि आता पहिल्या सत्रात बीजगणितात ४० पैकी १७, विज्ञान भाग १ ला १९. क्लास लावलेला आहे, घरी रोज तीन-साडेतीन तास बसते, तुम्ही स्वतः बघता की पुस्तक उघडं आहे, मोबाईल हातात नाही, विचारलं की "सगळं येतंय गं" म्हणते आणि पेपर समोर आला की डोकं ब्लँक. तुम्हाला तिच्यासाठी एक चांगलं टाइमटेबल करून हवंय.

टाइमटेबल देतो पण शेवटी, आणि ते अगदी एवढंसं असेल. बरीच वर्षं नववी-दहावीला गणित-विज्ञान शिकवतोय, बोर्डाचे पेपरही तपासलेत, आणि टाइमटेबल नव्हतं म्हणून पोर मागे पडलं असं मला तरी फारसं दिसलं नाही. स्केचपेननं रंगवून कपाटाच्या दारावर चिकटवलेली टाइमटेबलं मात्र भरपूर बघितली, पहाटे ५ ते ६ गणित, ६ ते ७ विज्ञान, आणि चौथ्या दिवशी पोरगं साडेसातला उठतंय आणि वर दिवसभर तोंड पाडून बसतंय ते वेगळंच. तुमची मुलगी तास कमी देत नाहीये. त्या तासांत ती काय करते तिथे गोची आहे.

पण त्याआधी मार्कांबद्दल दोन शब्द, कारण घरात आत्ता वातावरण तापलेलं असणार. आठवीतले ऐंशी आणि नववीतले ऐंशी यांची तुलना करू नका. आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापन असतं, म्हणजे तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय सगळ्याला मार्क मिळतात, मुलगी शांत आणि नीटनेटकी असेल तर बाईंचा हातही जरा सढळ असतो. नववीत एकदम बोर्डाचा साचा येतो, बीजगणित ४०, भूमिती ४०, विज्ञानाचे दोन भाग ४०-४०, अंतर्गत २० वेगळे, आणि त्या ४० च्या पेपरला दोन तास. पुस्तकही जाड होतं आणि प्रश्न फिरवून येतात. दरवर्षी दिवाळीच्या आधी बऱ्याच घरांत हेच रडगाणं असतं, तुमचं घर काही जगावेगळं नाही. मुलगी अचानक ढ झालेली नाही, जी पद्धत आठवीपर्यंत चालून गेली ती आता चालत नाहीये एवढंच.

आता मुद्द्याचं. "सगळं येतंय" हे ती खोटं बोलत नाहीये, तिला खरंच तसं वाटतं. धडा चौथ्यांदा वाचला की वाक्यं ओळखीची वाटतात, पुढच्या ओळीत काय आहे ते आधीच कळतं आणि डोकं म्हणतं चला हा झाला. पण रोज स्टॉपवर दिसणारा माणूस चेहऱ्यानं ओळखीचा असतो, त्याचं नाव विचारलं तर आपण गप्प. पेपरात नाव विचारतात. वाचताना पुस्तक समोर असतं त्यामुळे डोक्यातून काही काढायची वेळच येत नाही, आणि डोक्यातून काढायची सवय नसेल तर परीक्षेत ते पहिल्यांदाच करावं लागतं, घड्याळ समोर ठेवून.

यावर एक प्रयोग झालेला आहे जो मी दरवर्षी वर्गात सांगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी केला, २००६ साली छापून आला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाला तो चार बैठकांत फक्त वाचायला सांगितला, दुसऱ्या गटाला एकाच बैठकीत वाचायला दिला आणि पुढच्या तीन वेळा उतारा काढून घेऊन आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, त्यांना ८३ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ७१. पण आठवड्यानं घेतली तर वाचणाऱ्यांचं ४० टक्क्यांवर आलेलं आणि लिहिणाऱ्यांचं ६१. आणि यातली गंमत म्हणजे, आठवड्यानं किती आठवेल असं आधीच विचारलं होतं तेव्हा वाचणाऱ्या गटाचाच कॉन्फिडन्स जास्त होता. तुमची मुलगी नेमकी त्या गटात आहे. रात्री तुम्ही विचारता तेव्हा तिची पाच मिनिटांची परीक्षा असते, शाळेचा पेपर असतो काही आठवड्यांनी.

तर करायचं काय, एक उदाहरण घेऊनच सांगतो. नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीचे नियम. समजा आज शाळेत न्यूटनचा दुसरा नियम झाला. घरी आल्यावर तिनं ती दोन पानं एकदा नीट वाचायची, घाई न करता, दहा-बारा मिनिटं. मग पुस्तक मिटायचं आणि नुसतं मिटायचं नाही तर दप्तरात टाकायचं, नाहीतर डोळा जातोच. एक कोरा कागद घ्यायचा, पाठकोरा चालेल, आणि त्यावर आठवेल ते लिहायचं. नियम काय आहे, संवेग म्हणजे काय, त्याचं सूत्र, एकक, F बरोबर ma हे कुठून आलं, त्याच्या पायऱ्या, एखादं उदाहरण. अक्षर कसंही चालेल, क्रम चुकला तरी चालेल. पहिल्या दोन मिनिटांत बरंच येतं आणि मग गाडी अडते. इथे खरी परीक्षा आहे, कारण अडलं की हात आपोआप दप्तराकडे जातो. जाऊ द्यायचा नाही. निदान तीन-चार मिनिटं डोकं खाजवायचं, "काहीतरी एकक होतं, किलोग्रॅम आणि मीटर असं काहीतरी", करत बसायचं, येतं बऱ्याचदा. मग पुस्तक काढायचं, आणि दुसऱ्या रंगाच्या पेननं जे राहिलं, जे चुकलं तेवढंच त्या कागदावर भरायचं. लाल रंगात जेवढं आलं तेवढाच तिचा उद्याचा अभ्यास, निळ्यात आहे ते येतंय, त्याला परत हात लावायची गरज नाही. याला सगळे मिळून पाऊण तास लागतो आणि पहिल्या आठवड्यात पोरं याचा भयंकर कंटाळा करतात कारण वाचण्यापेक्षा हे जड जातं आणि शिवाय आपल्याला किती कमी येतं ते कागदावर उघडं पडतं. एखादी रडते पण. रडू द्या, थांबवू नका.

हायलाइटरचं काय असं विचारतात पालक, पिवळ्या-गुलाबी रेघांनी पुस्तक भरलेलं असतं. २०१३ साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं तोपर्यंतचं संशोधन एकत्र तपासलं, त्यात हायलाइट करणं आणि परत परत वाचणं दोन्ही खालच्या पायरीवर, आणि स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं या दोन गोष्टी सगळ्यात वर. हायलाइटर टाकून द्या असं म्हणत नाही, पण रेघ मारली म्हणजे डोक्यात गेलं असं होत नाही, आणि काही पोरींच्या पुस्तकात तर न रंगवलेलं वाक्य शोधावं लागतं.

सेमी इंग्लिशवाल्यांचा अजून एक लोच्या असतो आणि तो कुणी बोलत नाही. व्याख्या इंग्रजीत, घरातली आणि डोक्यातली भाषा मराठी. मग पोरं "द रेट ऑफ चेंज ऑफ मोमेंटम इज प्रपोर्शनल टू द अप्लाइड फोर्स" हे एका दमात म्हणून दाखवतात, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि विचारलं की फिल्डर कॅच घेताना हात मागे का नेतो, तर चेहऱ्यावर माशी हलत नाही. म्हणून कोऱ्या कागदावर आधी मराठीत, आपल्या बोलीत लिहू द्या. "बॉलचा संवेग शून्य तर करायचाच आहे, हात मागे नेला की त्याला जास्त वेळ मिळतो, वेळ जास्त म्हणजे हातावर बल कमी, म्हणून लागत नाही." एवढं तिला स्वतःच्या शब्दांत आलं की मग इंग्रजी व्याख्या पाठ करायला पाच मिनिटं पुरतात आणि ती टिकते. मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतं, धडे तेच आहेत, अडलेला परिच्छेद त्यात वाचायला लावा. यात कमीपणा काही नाही, माझे कितीतरी हुशार विद्यार्थी हेच करतात आणि कुणाला सांगत नाहीत.

गणिताचं दुखणं थोडं वेगळं. गणितात मुलं वाचत नाहीत असं वाटतं, पण वाचतातच. सोडवलेलं उदाहरण बघतात, प्रत्येक पायरीला मान डोलवतात, "हां, समजलं" म्हणतात आणि पुढचं बघतात. क्लासमध्ये सर फळ्यावर सोडवतात तेव्हा पण तेच, उतरवून घेतात. घरचा अभ्यास गाईड शेजारी ठेवून केला तर तेही उतरवणंच. आता एक काम करा, तिची क्लासची वही उघडा आणि बघा त्यात खाडाखोड किती आहे. एकही खाडाखोड नसलेली गणिताची वही म्हणजे ती उतरवलेली आहे असं समजायला हरकत नाही. त्यातलंच कुठलंही एक गणित कोऱ्या कागदावर लिहून द्या, उत्तर न दाखवता सोडव म्हणावं. कळेल.

त्यातही एक बारीक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या पुस्तकात प्रत्येक घटकानंतर सरावसंच असतो आणि धड्याच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह. सरावसंचात काय होतं, शेष सिद्धांत शिकवला की खालची सगळी गणितं शेष सिद्धांताची. म्हणजे कुठली पद्धत वापरायची हे पोराला ठरवावंच लागत नाही, ते हेडिंगनंच सांगितलेलं असतं, नुसते आकडे बदलायचे. पटापट सुटतात आणि वाटतं बहुपदी झाली. पेपरात मात्र हेडिंग नसतं. तिथे बघून ओळखावं लागतं की हे भागाकार करून सोडवायचं की किंमत ठेवून की अवयव पाडून, आणि नेमकं ते ओळखणंच कधी केलेलं नसतं. यावरही प्रयोग झालाय, रोहरर आणि टेलर यांचा २००७ चा, भूमितीतल्या वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचं होतं. एका गटानं एकेका प्रकारची गणितं सलग केली, दुसऱ्यानं सगळे प्रकार मिसळून. सराव चालू होता तेव्हा सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आणि मिसळवाल्यांची फक्त ६०. आठवड्यानं परीक्षा, सलगवाले २० टक्के आणि मिसळवाले ६३. मी हे आकडे फळ्यावर लिहितो तेव्हा पोरं म्हणतात सर उलटं लिहिलंत.

म्हणून सरावसंच करायचाच, पण त्यातली चार-पाच गणितं आली की थांबायचं, अठराच्या अठरा त्याच दिवशी संपवायची हौस नको. राहिलेली मागे ठेवायची आणि आठवड्यानं मागच्या दोन धड्यांची गणितं मिसळून दहा काढायची. कोण काढणार? तुम्ही काढा ताई, त्याला गणित यावं लागत नाही. पुस्तकातून डोळे झाकून कुठलेही नंबर निवडा, एका कागदावर नुसती गणितं उतरवा, धड्याचं नाव लिहू नका, झालं. संकीर्ण प्रश्नसंग्रह तर सुटता कामा नये, बरीच मुलं तो "सरांनी घेतला नाही" म्हणून सोडतात.

भूमितीत प्रमेयांचंही तेच. प्रमेय पाठ केलं की एक ओळ विसरली की पुढचं सगळं गेलं, आणि पेपर तपासताना अशी उत्तरं लगेच ओळखू येतात, आकृतीत नावं PQR आणि सिद्धतेत ABC, म्हणजे पाठ केलेलं जसंच्या तसं ओतलंय. प्रमेय लिहायचं ते आकृतीची नावं बदलून लिहायचं, तेवढ्या एका सवयीनं पाठांतर आपोआप मोडतं. आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण, ते नाही लिहिलं की मार्क कापतात.

आता परत परत किती वेळा बघायचं. जर्मनीत एबिंगहाउस म्हणून होते, त्यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर उडतं आणि नंतर हळूहळू. म्हणजे पहिले काही दिवस गाठायला हवेत. मी मुलांना एक सोपी गोष्ट करायला लावतो, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत प्रत्येक धड्यासमोर पेन्सिलनं तारीख टाकायची. कोरा कागद पहिल्यांदा केला ती तारीख, मग दोन-तीन दिवसांनी परत कोरा कागद, ती तारीख, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दहा-पंधरा मिनिटांत होतो. पान उघडलं की दिसतं, ह्या धड्याला चार तारखा आहेत, त्या धड्याला जुलैतली एकच आहे, म्हणजे तो गेला. ॲप नको, चार्ट नको, आणि त्या अनुक्रमणिकेवर खोटी तारीख टाकून फसवायचं कुणाला, स्वतःलाच. पहिल्या सत्राचे धडे दुसऱ्या सत्रात बघायचेच नाहीत ही नववीतली चूक दहावीत महाग पडते, कारण बोर्डाला सगळं पुस्तक असतं आणि बोर्डही आता लवकर येतं, २०२५ ला दहावीचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला होता. जानेवारीत पूर्वपरीक्षा संपेपर्यंत हातात काय उरतं ते बघा.

चुकांची वही करा. शंभर पानी साधी वही. पेपर मिळाला की मार्क बघून तो कपाटात जातो, तसं करायचं नाही. प्रत्येक चूक त्या वहीत उतरवायची आणि शेजारी एका वाक्यात का चुकलं ते लिहायचं. "सिली मिस्टेक" हे कारण चालणार नाही, तो शब्द माझ्या वर्गात बंद आहे. x + २ नं भागताना किंमत ठेवली अधिक २, ठेवायची होती वजा २, हे कारण. प्रश्नात "फरक लिहा, दोन मुद्दे" होतं आणि मी फक्त एकाच बाजूचं लिहिलं, हे कारण. एकक लिहिलं नाही, हे कारण. वीस-पंचवीस चुका झाल्या की दिसायला लागतं की नव्या चुका फार कमी असतात, त्याच तीन-चार चुका कपडे बदलून येतात. तुमच्या मुलीचा तो १७ मार्कांचा बीजगणिताचा पेपर शाळेतून बघायला मागा, सुरुवात तिथूनच करा. माझा अंदाज, त्यातले निदान पाच-सहा मार्क न येण्यामुळे गेलेले नसून चिन्हात, वाचण्यात आणि अर्धवट सोडलेल्या पायऱ्यांत गेलेले असतील. पायऱ्यांना मार्क असतात हो, उत्तर चुकलं तरी सूत्र आणि किंमत ठेवल्याचे मिळतात, पोरं खोडून मोकळी होतात.

इतिहास-भूगोलाला वेगळं काही नाही, तोच कोरा कागद, फक्त भूगोलात नकाशा कोरा घ्यायचा. भाषांसाठी रोज काहीतरी लिहिलेलं असावं, उपयोजित लेखन नुसतं वाचून येत नाही आणि तीन तासांच्या पेपरला हाताला सवय लागते. एवढं पुरे.

क्लासबद्दल. क्लास वाईट असं मी म्हणणार नाही, पण हिशोब मांडा. शाळा ११ ते ५, घरी येऊन हातपाय धुऊन खाऊन ६, क्लास ६ ते ८, जेवण ९. तीन-साडेतीन तास बसायचं म्हणजे साडेबारा. सकाळी परत क्लासची ज्यादा बॅच असेल तर सहाला उठणार. तेरा ते अठरा वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आणि ती काही चैन नाही, दिवसभर शिकलेलं डोक्यात बसायचं काम बरंचसं झोपेतच होतं. साडेपाच तास झोपलेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर बसून नुसतं उतरवतं, समजत काही नाही, मग ते समजायला परत क्लास. हे चक्र मी रोज बघतो. शाळेत ऐकलं, तेच क्लासमध्ये ऐकलं, पण स्वतः एकदाही केलं नाही, हा सगळा दिवस अभ्यासातच गेला असं घरच्यांना वाटतं. क्लास ठेवायचा असेल तर ठेवा, सगळ्या विषयांचा असेल तर जिथे अडतंय तेवढ्याच विषयांचा करता येतो का बघा, आणि काहीही करून रात्री दहा-साडेदहाला दिवा बंद.

मोबाईल हातात नसतो म्हणता, बरं आहे, पण शाळेच्या आणि क्लासच्या ग्रुपवर होमवर्क येतं ना? मग "होमवर्क बघते" म्हणून तो येतोच. ग्रुप तुमच्या फोनवर घ्या, संध्याकाळी एकदाच बघून कागदावर लिहून द्या. फोन दुसऱ्या खोलीत, एकच खोली असेल तर कपाटात, टेबलावर पालथा ठेवलेला चालत नाही. आणि ती लिहीत असेल तेवढा पाऊण तास घरातला टीव्हीही बंद असला पाहिजे, यात आजी-आजोबांची सिरीयल आली तर वेळ बदला, भांडण नको, सिरीयलच्या आधी किंवा नंतर बसवा.

तुम्ही लिहिलंय की तुमचं शिक्षण बारावी आर्ट्स, आता तिचं गणित-विज्ञान समजत नाही म्हणून मदत करता येत नाही. ताई, तुम्हीच सगळ्यात चांगली मदत करू शकता, कारण तुम्हाला शिकवायचा मोह होणार नाही. पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि म्हणा, "मला समजावून सांग, मला काहीच माहीत नाही." ती सांगेल, तुम्ही मध्येच विचारा, "म्हणजे काय?", "असं का?" ती चिडेल, "पुस्तकात तसंच दिलंय" म्हणेल, तिथे बोट ठेवा, तो तिचा लाल रंग. पोळ्या लाटता लाटता होतं हे काम. फक्त एक पथ्य, "किती वेळ बसलीस?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा, त्यामुळेच पोरं बसायला शिकतात. त्याऐवजी "आजचा कागद दाखव" म्हणा. आणि तुलना नको, मावशीच्या मुलाला किती पडले ते तिला आधीच पाठ असतं.

आता ते टाइमटेबल. शाळेच्या दिवशी दोनच बैठका, प्रत्येकी पाऊण तास, मध्ये दहा-पंधरा मिनिटं उठून फिरणं, फोन न बघता. क्लास असलेल्या दिवशी एक बैठक क्लासच्या आधी बसली तर उत्तम, नसेल जमत तर जेवणाआधी एक आणि नंतर एक. पहिली बैठक त्या दिवशी शाळेत झालेल्या सगळ्यात अवघड विषयाचा कोरा कागद. दुसरीत अर्धा वेळ गणित, अर्धा वेळ अनुक्रमणिकेतली जुनी तारीख बघून एक मागचा धडा. शाळेचं लिहायचं काम ज्यादा असेल त्या दिवशी एकच बैठक, पण शून्य नाही, दहा मिनिटांचा का होईना कागद झालाच पाहिजे. रविवारी सकाळी तुम्ही काढलेल्या मिसळलेल्या गणितांचा पेपर, घड्याळ लावून, ४० चा नको, वीसचा एका तासाचा, आणि जेवायच्या आधी तपासून चुकांच्या वहीत. रविवारची दुपार आणि संध्याकाळ मोकळी, खेळू दे, मैत्रिणींकडे जाऊ दे. गणपती, दिवाळी, लग्नकार्य आलं की हे मोडणार, मोडू दे, परत आल्यावर "राहिलेलं भरून काढ" म्हणू नका, त्या दिवसापासून पुढे चालू.

पहिले दोन-तीन आठवडे कागदावर लालच जास्त दिसणार आणि ती म्हणणार की माझी जुनीच पद्धत बरी होती, त्यात निदान धडे संपायचे. तेव्हा वाद घालू नका, एकच धडा तिच्या जुन्या पद्धतीनं करू द्या आणि तेवढाच मोठा दुसरा या पद्धतीनं, आठ दिवसांनी दोन्हीचे दहा-दहा प्रश्न विचारा, ती स्वतःच ठरवेल. पुढच्या घटक चाचणीत मार्क फार हलले नाहीत तरी पेपर बघा, कोरे सोडलेले प्रश्न कमी झालेत का ते मोजा, सुधारणा आधी तिथे दिसते. आणि एवढं सगळं करूनही बीजगणित जागचं हललं नाही तर मग नववीत शोधू नका, मागे जा, सातवी-आठवीचे अपूर्णांक, पूर्णांकांची चिन्हं, बैजिक राशींचे अवयव यातलं काहीतरी कच्चं राहिलेलं असतं, आठवीचं पुस्तक काढून रविवारच्या पेपरात त्यातली चार गणितं घाला. त्या १७ मार्कांच्या पेपरातल्या चुका वहीत उतरवून झाल्या की त्यातल्या गणिताच्या पाच-सहा मला लिहून पाठवा, कुठे मागे जायचं ते त्यावरून सांगता येईल.